मंगळवारी भाकरीला येणारं हेलिकॉप्टर

माझ्या पोल्ट्री शेडच्या उद्घाटनाला मी सैन्याच्या हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी करवली. शेडमध्ये तेव्हा कोंबड्या होत्या.

एवढं ऐकलं की पोल्ट्रीतला माणूस पुढचं विचारत नाही, नुसते डोळे मिटतो. बाकीचे विचारतात, "मग काय झालं?" सांगतो. पण आधी ती फुलं ज्यानं आणली त्याच्याबद्दल सांगायला हवं. कोंबड्या काय, शेड धुतली, चुना मारला की पुन्हा भरता येतात.

रंगनाथ माझा वर्गमित्र. संगमनेर तालुक्याच्या पठारावर आमचं गाव. बाजरी, कांदा, पाणी असेल त्याच्याकडे डाळिंब. गावातून सैन्यात गेलेले पुष्कळ आहेत, पण सैन्यात जाऊन हेलिकॉप्टर चालवणारा आणि मेजर झालेला रंगनाथ एकटाच. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच. तालमीत घासून घासून कान मोडलेले, त्यामुळे डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळलेली अंजिरं चिकटवल्यासारखी दिसायची. आणि हात. त्याच्या हातांबद्दल गावात सगळ्यांना माहिती होती, बहुतेकांना अनुभवानं.

तो प्रेमसुद्धा मारूनच करायचा. त्याचा नमस्कार पाठीत बसायचा. माझ्या लग्नात त्यानं स्टेजवर येऊन माझं अभिनंदन केलं तेव्हा माझ्या मुंडावळ्या तुटून नवरीच्या मांडीवर पडल्या, आणि ती आजपर्यंत म्हणते की तो अपशकुन होता, फक्त तिच्यासाठी.

शाळेत असताना जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात राहुरीकडचा एक पोरगा त्याच्यावर सोडला होता. रंगनाथनं त्याचा हात असा पिळला की खांदा निखळला. पोरगा मातीत लोळून ओरडत होता, त्याचे वस्ताद शिव्या देत आखाड्यात उतरले होते, आणि रंगनाथ त्या सगळ्यांना ढकलून त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला. लोकांना वाटलं जीवच घेतोय. त्यानं तो खांदा परत जागेवर बसवला. आवाज मागच्या रांगेपर्यंत आला. मग त्या पोराला खांद्यावर घेऊन शेवरेवडीच्या दुकानावर गेला. आपण मोडलेलं आपणच बसवायचं, ही त्याची पद्धत होती. मोडायचंच नाही, हे त्याला कधी सुचलं नाही.

वैमानिक झाल्यावर त्याला एक नवी खोड लागली. कुठंही गेला की पहिल्यांदा वर बघायचा. लग्नाचा मांडव असो, शाळेचं पटांगण असो, तलाठ्याच्या कार्यालयासमोरची मोकळी जागा असो. आधी विजेच्या तारा कुठून गेल्यात ते बघणार, मग पायानं माती उकरणार, चिमूटभर धूळ हवेत सोडणार आणि स्वतःशीच म्हणणार, "इथं बसतंय." किंवा, "तारा हायत, न्हाई बसत." त्याच्या वडिलांना अग्नी देताना आम्ही सगळे ओढ्याकाठी उभे होतो. रंगनाथनं मडकं फोडलं, मागं वळला, वर बघितलं आणि पुटपुटला, "इथं आरामात बसतंय." शेजारी उभ्या असलेल्या सोयऱ्यांना वाटलं तो आत्म्याबद्दल बोलतोय. ते आणखी रडले.

घरी उरले ते त्याची आई आणि धाकटा भाऊ शिवा. आईला सगळं गाव आक्का म्हणतं. शिवा शेती बघायचा.

रंगनाथचा तळ आमच्यापासून हेलिकॉप्टरला फार लांब नाही. आठवड्यातून एकदा, मंगळवारी, त्याला दक्षिणेकडे कुठंतरी सामान नाहीतर साहेब पोचवायचे असायचे. परतताना हेलिकॉप्टर रिकामं. सरळ वाट आमच्या पठाराच्या बाजूनं जायची, आणि रंगनाथ ती थोडी वाकडी करायचा. सरकारचं हेलिकॉप्टर, सरकारचं तेल, आणि हा आईची भाकरी न्यायला यायचा. हेलिकॉप्टरला तो 'गाडी' म्हणायचा. "मंगळवारी गाडी घिऊन येतो, लसनाची चटनी कर," असा आक्काला फोन.

तो जमिनीला टेकायचा नाही. आक्काच्या वावरावर, दोन पुरुष उंचीवर, घिरट्या न घालता जागच्या जागी थांबायचा. त्याचा जोडीदार वैमानिक, जॉर्ज नावाचा केरळचा कोवळा कॅप्टन, दारातून दोर सोडायचा. दोराच्या टोकाला आकडा. त्या आकड्याला भाकरीचं फडकं अडकवायचं. हे काम आधी आक्का करायची, पण एकदा वाऱ्यानं ती पालथी पडली, तेव्हापासून ते मला दिलं. का, तर मी रिकामा असतो असं गावाचं मत होतं. पहिल्याच मंगळवारी मी लुंगीवर गेलो. लुंगी पुढच्या वस्तीवरच्या बाभळीत सापडली. जॉर्जनं वरून मला कडक सॅल्यूट ठोकला होता.

जॉर्जनं आक्काचा ठेचा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा तो रडला होता म्हणे. पुढच्या मंगळवारी दोरासोबत त्यानं चिठ्ठी सोडली, आणखी दे म्हणून.

हे ऐकायला गोड वाटतं. खाली उभं राहणाऱ्याला तसं नव्हतं. त्या पंख्याचा वारा म्हणजे वारा नसतो, मार असतो. माती तोंडात जाते, खडे कानशिलात बसतात. आक्काचा सुकायला टाकलेला कांदा ओढ्यात गेला, कडब्याची गंज गावभर वाटली गेली. आणि एकदा शेजारच्या बाळूच्या गोठ्याचा पत्रा उठला. बाळू म्हणजे रंगनाथचा चुलतभाऊ, बांधाला बांध लागून. तो पत्रा कोयत्यासारखा फिरत आला आणि दावणीला बांधलेल्या कालवडीच्या पाठीत रुतला. कालवड बसली. मग तिनं मान टाकली. बाळू दगड घेऊन धावला, शिवा दांडकं घेऊन. मी मध्ये पडलो, आणि दोघांचंही काम एकट्यानं अंगावर घेतलं. हे बघा, भुवईवर खूण आहे.

रंगनाथ रजेवर आला तेव्हा बाजारातून तशीच कालवड घेऊन आला आणि बाळूच्या दारात बांधून परत फिरला. बाळूनं कालवड ठेवून घेतली. रागही ठेवून घेतला.

आक्का विमानाला इमानच म्हणते. ती तेव्हा चुलीपुढं बसून म्हणाली होती, "रंगा, या भाकरीपायी एक दिवस तुझं इमान जाईल."

"काय व्हत न्हाई आक्का."

"साह्यबाला कळलं म्हंजी?"

"तू सांगनार हायेस का?"

आक्का माझ्याकडे बघत राहिली. का, ते मला त्या वेळी कळलं नाही.

पण बाहेर ओट्यावर आल्यावर तो मला वेगळंच बोलला. बिडी ओढत नव्हता, दारू पीत नव्हता, नुसता बोटं मोडत बसायचा. म्हणाला, "अशक्या, ती म्हनती ते खरं हाय. पंख काढून घेतले तर माझं काय खरं न्हाई."

"पगार तर राहील," मी म्हणालो.

"पगाराचं कोन बोलतंय लेका." त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "हे बघ. जमिनीवर असलं की ह्यांना कायतरी धरायला, मुरगाळायला पायजे. वर गेलं ना, दांडी हातात आली, की दोन्ही गप. पानी पिनाऱ्या वासरावानी. उडनं बंद झालं तर मी कुनाला तरी मारीन, बघ."

मी म्हणालो, "मला सोडून कुणालाही मार." तो हसला आणि त्यानं माझ्या पाठीत एक ठेवून दिली.

हे सगळं माहीत असताना मी ती पुष्पवृष्टी मागितली.

झालं असं की शेड बांधून तयार होती, आणि उद्घाटनाला तालुक्यातला एक मोठा पुढारी हवा होता. त्याशिवाय आमच्याकडे शेडला शेड म्हणत नाहीत. पुढाऱ्याची तारीख मिळेना. तिकडे पिल्लं येऊन पडली. ती काय तारखेसाठी थांबणार होती? आत घेतली. पुढारी आज देतो, उद्या देतो करत राहिला आणि पिल्लांच्या विक्रीच्या कोंबड्या झाल्या. शेवटी तारीख मिळाली ती मंगळवारची. माझ्या डोक्यात किडा वळवळला. रंगनाथला फोन केला. "शेडचं उद्घाटन आहे, वरून फुलं टाक." तो म्हणाला, "टाकतो की." त्याला वाटलं, उद्घाटन आहे म्हणजे शेड रिकामी असणार. शहाण्या माणसाला तसंच वाटेल.

मांडव शेडला लागून. पुढारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत नारळ हातात घेऊन उभा. तेवढ्यात दक्षिणेकडून आवाज आला. लोक टाळ्या वाजवायला लागले. रंगनाथनं हौसेनं गाडी चांगली खाली आणली. पहिल्या झपाट्यात मांडव उडाला. दुसऱ्यात पुढारी आडवा झाला, तोंडावर, हातातल्या नारळासकट. जॉर्जनं झेंडूची गोणी टाकली, पण गोणीचं तोंड सोडायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. फुलं भिजवलेली होती, ताजी राहावीत म्हणून. ती दगडासारखी गोणी पुढाऱ्याच्या नव्या गाडीच्या पुढच्या काचेतून आत जाऊन चालकाच्या सीटवर बसली. चालक सुदैवानं टाळ्या वाजवायला खाली उतरला होता.

मला ह्यातलं काही ऐकू आलं नाही. मला शेडमधला आवाज ऐकू येत होता. कोंबडी भ्याली की पळते, आणि पळायला जागा नसली की कोपऱ्यात जाते. पहिली कोपऱ्यात जाते, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. बाजूचे पडदे फाटून आत धुळीचा लोट घुसला होता आणि हजारो कोंबड्या एकमेकींवर चढत होत्या. मी आत शिरून त्या ढिगात हात घातले. वरच्या उपसून फेकल्या, तर त्या परत येऊन ढिगावरच पडत. खालच्या उबदार होत्या, पण हलत नव्हत्या. जाळीत चोची रुतून तुटलेल्या. मी कमरेपर्यंत पिसांत आणि नखांत उभा होतो, हात सोलून रक्त निघत होतं, आणि बाहेर बँडवाला, ज्याला पैसे आगाऊ दिले होते, वाजवत होता.

आम्ही जेसीबीनं खड्डा खणला. पुढाऱ्यानं ह्या प्रकाराची कुठं वाच्यता होऊ दिली नाही, कारण सगळ्या फोटोंत तो जमिनीवर होता. त्यामुळे रंगनाथ वाचला.

रजेवर आल्यावर तो खड्ड्याच्या जागी उभा राहिला. म्हणाला, "कोंबड्या हायत एवढं सांगायचं हुतंस."

"तू विचारलं नाहीस."

"मी इचारायचं?" त्यानं मान हलवली. "तू तोंड उघडतोस तवा लई उघडतोस, आन जिथं उघडायचं तिथं..." आठवडाभर तो माझ्याकडे राहिला, तुटलेल्या जाळ्या स्वतःच्या हातानं ताणून बांधल्या, पडदे शिवले. तार ओढताना त्याचे हात फाटले. त्याला ते आवडत होतं असं दिसलं.

आता तो मंगळवार.

सकाळी बाळूनं ट्रॅक्टरला माती भुसभुशीत करणारा रोटर लावला आणि नांगरता नांगरता सामाईक बांध सपाट करून टाकला. वर शिवाच्या बाजूचे दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, आपल्यात घेतले. पठारावर माणूस बायको नांदत नसली तरी सहन करेल, बांध हलला तर नाही. मी भाकरीचं फडकं घेऊन आक्काच्या वावरात उभा होतो, हेलिकॉप्टरची वाट बघत. शिवा माझ्या शेजारून पळत गेला. त्यानं चालत्या ट्रॅक्टरवरून बाळूला गळपट धरून खाली ओढलं.

"बांध कुनाच्या बापाचा रं?"

"तुझ्या भावाला इचार. त्याला वरून दिसतो."

पहिली लाथ कुणी मारली ते मला सांगता येणार नाही, ह्याची साक्ष मी दोन वेळा वेगवेगळी दिलेली आहे. बाळूचे दोन्ही भाऊ आले. एकाच्या हातात फावड्याचा दांडा, दुसऱ्याच्या हातात ठिबकच्या पाइपाचा तुकडा. शिवा एकटा, पण रंगनाथच्याच घरातला. त्यानं एकाचं नाक डोक्यानं फोडलं. मी "अरे सोडा, सोडा" करत गेलो, पाइप माझ्या पाठीवर बसला आणि मी बाजूला झालो. भाकरीचं फडकं मात्र सोडलं नव्हतं. दांडा शिवाच्या गुडघ्यात बसला, तो वाकला, आणि बाळूनं ट्रॅक्टरच्या सीटखालून कोयता काढला. शिवानं हात आडवा धरला.

कोयता ओल्या लाकडावर बसावा तसा आवाज आला. शिवाचा डावा हात कोपराखाली लोंबायला लागला. त्याला स्वतःला कळलंच नाही. तो त्याच हातानं बाळूला धरायला गेला, आणि हात वळेना म्हणून त्यानं खाली बघितलं. मग बसला.

तेव्हाच दक्षिणेचा डोंगर ओलांडून हेलिकॉप्टर आलं. वेळ झालीच होती.

त्या वावराच्या बांधाकडच्या बाजूनं विजेच्या तारा जातात. रंगनाथ तिथं येऊन कितीदा तरी म्हणाला होता, "इथं न्हाई बसत." त्या दिवशी त्यानं बसवलं. तारा आणि शेजारच्या कडुलिंबाच्या मधल्या फटीतून गाडी तिरपी खाली आली, लिंबाचा शेंडा छाटला गेला, फांद्यांचे तुकडे गोळ्यांसारखे अंगावर आले. बाळूचा एक भाऊ पालथा पडला तो उठलाच नाही, तसाच सरपटत गेला. टेकली. गाडी पहिल्यांदाच टेकली. आजवर तो फक्त थांबायचा. थांबलेलं कुणाला दिसलं तरी वाट चुकली म्हणता येतं, बसवलेल्या गाडीला असं काही म्हणता येत नाही. हे मलाही कळत होतं.

जॉर्जनं दांडी धरून ठेवली आणि रंगनाथ उतरला. पंख्याखालून वाकून आला, सरळ उभा राहिला, आणि आधी तारांकडे नाही, माणसांकडे बघितलं. डोक्यावरचं जाड हेल्मेट काढत चालत गेला. पळाला नाही. बाळू कोयता धरून उभा होता, म्हणजे कोयता त्याच्या हातात राहिला होता, एवढंच. रंगनाथनं हेल्मेट गोफणीसारखं फिरवून त्याच्या तोंडावर मारलं. एकदाच. बाळूचा खालचा जबडा एका बाजूला गेला आणि तिकडेच राहिला. दात मातीत पडले. बाळू ओरडायचा प्रयत्न करत होता, पण ओरडायला जे लागतं ते मोडलं होतं.

मग रंगनाथ भावाकडे वळला. हात उचलून बघितला. मला राहुरीच्या पोराचा खांदा आठवला. रंगनाथनं तो हात दोन्ही हातांत धरला, जागेवर नेला, क्षणभर तसाच धरून ठेवला, जणू तो चिकटेल. मग खाली ठेवला. माझ्याकडे आला, हातातलं फडकं हिसकून भाकरी मातीत ओतल्या आणि त्या फडक्यानं शिवाचा दंड पिळून बांधला. आम्ही दोघांनी त्याला उचलून मागच्या जागेवर टाकला. शिवाच्या रक्तानं माझे पाय घसरत होते.

चढताना रंगनाथनं माझ्याकडे वळून स्वतःच्या तोंडावर पंजा ठेवला, दोनदा. आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, भाकरी मागतोय. मी मातीतली एक उचलून त्याच्या हातात दिली. तो माझ्याकडे असं बघत राहिला की ते अजून आठवतं. मग भाकरी खिशात घालून वर गेला.

त्यानं शिवाला सरळ स्वतःच्या तळावर नेलं, सैन्याच्या दवाखान्यात. शिवा वाचला. हात कोपरापासून काढला.

इकडे गाव एकत्र आलं. रंगनाथचं इमान जाता कामा नये, ह्यावर बाळूची भावकी सोडून सगळ्यांचं एकमत. मारुतीच्या पारावर ठरलं की चौकशी आली तर सगळ्यांनी एकच सांगायचं: इंजिनाचा आवाज बदलला, गाडी बंद पडत होती म्हणून नाइलाजानं उतरली, उतरल्यावर योगायोगानं भाऊ जखमी दिसला. बोलायचं मी. कारण मी शिकलेला, आणि दोराला फडकं बांधत आलेला, म्हणजे हेलिकॉप्टरमधला जाणकार.

चौकशीला एक कर्नलसाहेब आले, सोबत लिहून घेणारा. शाळेच्या ओट्यावर खुर्च्या टाकल्या. माणूस शांत, चहाला नाही म्हणाला नाही. आक्का भिंतीला टेकून बसली होती. गाव अंगणात उभं. मी पुढं झालो.

"साहब, इंजिन का आवाज बदल्या," मी म्हणालो. "फटफट, फटफट. फिर बंद पडते पडते नीचे आया. मजबूरी थी साहब."

कर्नलसाहेबांनी मान डोलावली. "मजबूरी," ते म्हणाले. लिहिणारा काही लिहीत नव्हता. मला ते बरं वाटलं नाही. साक्ष कमी पडतेय, असं वाटलं. मागून कुणीतरी खोकलं, त्याचा अर्थ मी 'आणखी सांग' असा घेतला.

"साहब, गलती पायलट की नहीं, मशीन की है. ऐसा पायलट आपको मिलेगा नहीं. हर मंगलवार को आता है, बरसों से. आज तक कभी इंजिन बंद नहीं पड्या. एक दिन नहीं चुक्या."

कर्नलसाहेबांनी कप खाली ठेवला. "हर मंगलवार?"

"भाकरी के वास्ते साहब. दोर छोडता है, मैं बांधता है." अंगणात पूर्ण शांतता होती, आणि मला ती कौतुकाची वाटली. "इतना कंट्रोल है साहब, मेरे शेड के उद्घाटन को फूल भी डाल्या."

लिहिणारा लिहायला लागला होता. आक्कानं डोळे मिटून घेतले होते.

खरं काय ते मला नंतर कळलं. रंगनाथनं तळावर उतरल्या उतरल्या सगळं सांगून टाकलं होतं. गाडी ठीक होती, भावासाठी उतरवली, हुकूम माझा, कॅप्टन जॉर्जचा ह्यात काही संबंध नाही. त्यावर कर्नलसाहेब म्हणाले होते, भावाचा जीव होता, एकदाच झालं असेल तर बघू. ते गावात आले होते ते एकदाच झालं एवढं लिहून न्यायला.

रंगनाथचं उडणं कायमचं बंद झालं. त्याला टेबलावर बसवलं.

पहिल्या रजेला तो सरळ माझ्या शेडवर आला. मी खाद्याच्या गोण्या मोजत होतो.

"मी तोंडावर हात ठिवला हुता," तो म्हणाला. "तुला काय कळलं त्यातून?"

"मला वाटलं तुला भूक लागलीय."

त्यानं मारली. मी तीन गोण्यांवरून पलीकडे गेलो. डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली, ती अजून थंडीत वाजते. मग त्यानं मला बगलेत धरून उठवलं, पाठीवरचं खाद्य झटकलं आणि माझ्या बायकोला हाक मारून चहा मागितला. चहा पिताना म्हणाला, "खोटंच बोलायचं असतं तर त्याला मी तळावर न्हेला असता का लेका? संगमनेरात सोडून आलो नसतो का?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. गावात कुणाच्याच आलं नव्हतं, पण बोलायला मी गेलो होतो.

टेबलावर तो टिकला नाही. नोकरी सोडून गावी आला. सकाळी उजाडलं की घण घेऊन माळावर जायचा आणि खडक फोडायचा. त्या खडकाची कुणाला गरज नव्हती. शिवा एका हातानं पाणी घेऊन जायचा आणि लांबच ठेवून यायचा. आठवडी बाजारात रंगनाथनं वजनात मारणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्याच्याच काट्याच्या पारड्यात कोंबलं. यात्रेत दोन पोरांची भांडणं सोडवायला गेला आणि दोघांनाही दवाखान्यात पोचवलं, स्वतःच उचलून. बाळू त्याची सावली दिसली की वाट बदलायचा. बाळूनं केली आहे ती केस आणि शिवानं केली आहे ती केस, दोन्ही अजून चालू आहेत. आक्का आता मंगळवारी भाकरीच करत नाही. भात टाकते.

शेवटी लांब कुठल्याशा खाणीवर पहारेकऱ्यांवरचा साहेब म्हणून त्याला काम मिळालं. आक्का आणि मी त्याला संगमनेरच्या स्टँडवर सोडायला गेलो. तो एसटीत खिडकीशी बसला. गाडी सुटली आणि फाटकाशीच अडकली. कुणीतरी बुलेट अगदी तोंडाशी आडवी लावून गेला होता. चालक हॉर्न वाजवतोय, कंडक्टर शिव्या देतोय, लोक मालकाला शोधतायत. रंगनाथ दारातून उतरला. पुढं गेला, वाकला, दोन्ही हातांनी ती बुलेट कमरेपर्यंत उचलली आणि फेकली. ती रसवंतीच्या पत्र्यावर जाऊन आदळली, टाकी फुटून पेट्रोल वाहायला लागलं, माणसं पळाली. रंगनाथनं हात पँटला पुसले, परत आपल्या जागेवर जाऊन बसला. आमच्याकडे बघितलं नाही. गाडी निघून गेली.

आक्का पदर धरून उभी होती. शांतता मला सोसत नाही. मी म्हणालो, "जाऊ दे आक्का. इमान काय नि येष्टी काय. पोचल्याशी मतलब."

आक्कानं माझ्याकडे न बघताच सांगितलं, "एकाचं इमान गेलं, एकाचा हात गेला, त्या बाळ्याचा जबडा गेला. जायला पायजे हुतं ते तुझं तोंड, ते तेवढं जाग्यावर हाय."